पत्ता काय म्हणतो? : अर्थनिर्णयनाच्या आळसाविरुद्ध

१

आपल्याकडील चर्चासत्रांतून गेली वीस-पंचवीस वर्षे एक वाक्य निरनिराळे पोशाख घालून वावरते आहे. कधी ते रोलाँ बार्तच्या १९६७ मधील 'लेखकाचा मृत्यू' या लेखाचा हवाला देते, कधी वाचककेंद्री समीक्षेचा, तर कधी देरिदाचे नुसते नाव घेऊन थांबते. वाक्य असे : 'अर्थ वाचकाचा असतो, ज्याला जो जाणवला तो त्याचा अर्थ.' या वाक्यावर सभागृहात माना डोलतात, कारण ते उदार वाटते. सभागृहाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात मात्र पदवी परीक्षेची मार्गदर्शके विकली जात असतात. त्यांत प्रत्येक कवितेचा अर्थ एक, तो क्रमांकित मुद्द्यांत, आणि शेवटी कवीने समर्पक शब्दांत आशय व्यक्त केल्याचे ठरलेले भरतवाक्य. चर्चासत्रात बोलणारा प्राध्यापक आणि मार्गदर्शक लिहिणारा प्राध्यापक पुष्कळदा एकच असतो, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. कोणताही अर्थ चालतो असे मानणे आणि एकच अर्थ पाठ करायला लावणे, या दोन्ही भूमिका एकाच सोयीच्या पोटी जन्मल्या आहेत : दोहोंतही संहिता वाचावी लागत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मराठीच्या वर्गातून अर्थनिर्णयन, म्हणजे एखाद्या वाक्याचा अमुक अर्थ का घ्यावा आणि तमुक का घेऊ नये याचा सप्रमाण वाद घालण्याची शिस्त, जवळजवळ हद्दपार झाली आहे. आणि ज्यांना आपण 'वाचत नाहीत' म्हणून नावे ठेवतो त्या पिढीतली काही मुले ही शिस्त पत्त्यांच्या खेळात पाळत आहेत. हे विधान काहींना चमत्कारिक वाटेल. पत्ते म्हटले की पारावरचा अड्डा, पैजा आणि पोलिसांची धाड एवढेच ज्यांना आठवते त्यांना तर ते सरळच उथळ वाटेल. म्हणून ते जरा सविस्तर मांडणे भाग आहे.

२

येथे अभिप्रेत असलेले पत्ते बावन्न पानांच्या कॅटातले नव्हेत. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्यानंतर जपानमधून 'पोकेमॉन' आणि 'यु-गी-ओ!' हे खेळ आले. या खेळांत प्रत्येक खेळाडू पत्ते जमवतो आणि स्वतःचा कॅट स्वतः रचतो. मुख्य गोष्ट अशी की, जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर एक लहानसा परिच्छेद छापलेला असतो. तो पत्ता काय करतो, केव्हा करतो, कोणत्या अटीवर करतो, हे त्या परिच्छेदात सांगितलेले असते. असे हजारो पत्ते. त्यांतले कोणतेही दोन पत्ते पटावर समोरासमोर येऊ शकतात, आणि त्या दोन परिच्छेदांच्या भेटीतून काय निष्पन्न होईल याचा विचार प्रत्येक वेळी रचनाकाराने केलेला असतोच असे नाही. म्हणजे खेळाडूंना दोन संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. मॅजिकच्या नियमांचे पुस्तक आज दोनशेहून अधिक पानांचे आहे, आणि त्याचा मोठा भाग अशा भेटींचा निवाडा कसा करावा याला वाहिलेला आहे.

आमच्या इस्लापूर-किनवट भागातल्या किराणा दुकानांत हे महागडे पत्ते मिळत नाहीत. मुले ते पाहतात ती फोनवर. परंतु या प्रकारच्या वाचनाची चुणूक येथल्या मुलांना नवी नाही. कुस्तीगिरांची चित्रे असलेली 'ट्रम्प कार्डे' आमच्या पिढीनंतरच्या जवळजवळ प्रत्येक शाळकरी मुलाने खेळलेली आहेत. त्या पत्त्यावर वजन, उंची, दंडाचा घेर आणि 'रँक' असे रकाने असत. वजनाच्या रकान्यात ज्याचा आकडा मोठा तो जिंकणार. पण रँकमध्ये एक क्रमांकवाला दहा क्रमांकवाल्याला हरवणार. हे पत्त्यावर कोठेही लिहिलेले नसे. 'रँक' या शब्दाचा अर्थ ज्याला कळला त्याला तो नियम कळला. तिसरीतली मुले हा भेद शब्दार्थावरून काढत होती आणि त्यावर कडाकडा भांडतही होती.

हे काही परदेशातून आलेले डोके नव्हे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि एकशेवीस गोल पाने असतात. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान हे वरचे. पण खालच्या दहा पानांचा क्रम पाच रंगांत दहापासून एककडे उतरतो आणि उरलेल्या पाच रंगांत तो नेमका उलटा होतो. डाव दिवसा मांडला तर उतारी रामाच्या राजाकडे, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाकडे. एकाच आकड्याचा अर्थ तो कोणाच्या पंक्तीला बसला आहे आणि वेळ कोणती आहे यावर ठरतो, ही गोष्ट आपल्याकडचे खेळणारे लोक सिद्धान्ताचे नाव न घेता जाणत होते. साहित्याच्या वर्गात आपण तिला 'संदर्भ' म्हणतो आणि व्याख्या लिहून देऊन मोकळे होतो.

३

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळू. 'यु-गी-ओ!' या खेळाच्या पत्त्यांवरील मजकूर सुरुवातीच्या काळात ढोबळ इंग्रजीत लिहिलेला असे आणि त्यामुळे वाद होत. २०११ मध्ये प्रकाशक कंपनीने इंग्रजी पत्त्यांच्या लेखनाची पद्धतच बदलली. तेव्हापासून अपूर्णविरामाच्या (:) आधी जे येते ती क्रिया सुरू करण्याची अट; अर्धविरामाच्या (;) आधी जे येते ती द्यावयाची किंमत किंवा निवडावयाचे लक्ष्य; आणि त्यानंतरचे ते प्रत्यक्ष फळ. प्रतिपक्षाने फळ हाणून पाडले तरी दिलेली किंमत परत मिळत नाही. म्हणजे एका विरामचिन्हाच्या अलीकडे शब्द आहे की पलीकडे, यावर डाव जातो किंवा राहतो. मराठीच्या किती उत्तरपत्रिकांत अर्धविराम आढळतो, आणि आढळलाच तर किती परीक्षक त्याची दखल घेतात, हे वाचकांनीच स्वतःला विचारावे.

उभयान्वयी अव्ययांचेही तसेच. 'अ करा आणि ब करा' यात दोन्ही शक्य असतील तरच क्रिया होते. 'अ करा, तसेच ब करा' यात एक शक्य नसले तरी दुसरे होते. 'अ करा, मग ब करा' यात अ घडले तरच ब घडते, आणि ते नंतर घडते. 'अ करा आणि तसे केल्यास ब करा' यातही अ घडणे आवश्यक, पण दोन्ही एकाच क्षणी घडल्याचे मानले जाते. 'जेव्हा' आणि 'जर' यांतही भेद आहे : 'जेव्हा'ने सुरू होणारी ऐच्छिक क्रिया, ती घटना अगदी शेवटी घडलेली नसेल तर हातची जाते, 'जर'ने सुरू होणारीला हे बंधन नाही. शालेय व्याकरणात आपण अव्ययांचे प्रकार पाठ करून घेतो. त्या अव्ययांनी जग बदलते हे मात्र ही मुले खेळातून शिकतात.

येथे मराठीच्या अभ्यासकाने जरा थबकावे, कारण या जागी आपल्या भाषेचा एक फार महत्त्वाचा गुणधर्म उघड होतो. असा एखादा पत्ता मराठीत लिहायचा ठरवला तर सहजपणे हातून वाक्य उतरेल : 'खेळाडूने एक पत्ता टाकून दोन पत्ते घ्यावेत.' ऐकायला निर्मळ वाक्य. पण हातात टाकायला पत्ताच नसेल तर? 'टाकून' हे ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित येथे काय सांगते आहे? टाकणे ही किंमत आहे काय? असेल तर पत्ता नसलेल्याला काहीच मिळणार नाही. टाकणे हा केवळ क्रम आहे काय? असेल तर टाकण्याजोगे काही नसताना घेण्याची क्रिया उरतेच. की टाकणे ही घेण्याची रीत आहे, जशी 'हसून बोलला' यात हसणे ही बोलण्याची रीत असते? आणि टाकणे ही किंमत असेल, तर 'घेणे' प्रतिपक्षाने रोखल्यावर टाकलेला पत्ता परत येणार की नाही? 'टाकल्यास घ्यावेत', 'टाकल्यावर घ्यावेत', 'टाकावा आणि घ्यावेत', 'टाकण्याच्या मोबदल्यात घ्यावेत' अशी चार वाक्ये मराठी सहज देते, आणि ती चारही वेगळी आहेत. मराठी कंगाल म्हणून 'टाकून' मोघम राहत नाही. ते मोघम राहते, कारण आपण तेथे थांबण्याची सवय सोडली आहे.

'खाऊन गेला', 'मारून टाकले', 'पाहून घे', 'विचारून ये' या प्रत्येकातला 'ऊन' वेगळे काम करतो. कथेच्या वा कवितेच्या विश्लेषणात या एका प्रत्ययावर एक तास रंगू शकतो. आपल्या 'रसग्रहणा'त त्यासाठी जागा नाही. तेथे कल्पना, भावना, विचार आणि भाषाशैली असे चार कप्पे असतात, आणि भाषाशैलीच्या कप्प्यात 'भाषा ओघवती आहे' एवढे टाकून विद्यार्थी सुटतो. शिक्षकही सुटतो.

४

दोन वाक्ये परस्परांवर चालून आली की खरी कसोटी लागते. मॅजिकमधले एक जुने उदाहरण घेऊ. 'ब्लड मून' (१९९४) या पत्त्याचा आशय असा की, ज्या भूमी मूलभूत नाहीत त्या सर्व 'डोंगर' आहेत. 'अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ' (२००७) या पत्त्याचा आशय असा की, प्रत्येक भूमी, तिचे आधीचे प्रकार राखून, शिवाय 'दलदल'ही आहे. दोन्ही एकाच वेळी पटावर आहेत. मग एखादी अ-मूलभूत भूमी काय आहे : डोंगर, दलदल, की दोन्ही?

पहिले उत्तर सुचते ते असे की, जो पत्ता नंतर आला त्याचे ऐकावे. खेळाच्या नियमांत हे तत्त्व आहेही. परंतु जाणता खेळाडू आधी एक वेगळा प्रश्न विचारतो : हे दुसरे वाक्य बोलतो आहे कोण? 'अर्बोर्ग' ही स्वतःच एक अ-मूलभूत भूमी आहे. 'ब्लड मून'चे वाक्य तिलाही लागू होते. ती डोंगर होते, आणि नियमांनुसार असा प्रकार लादला गेलेली भूमी आपली छापील क्षमता गमावते. म्हणजे ज्या तोंडून दुसरे वाक्य निघणार होते ते तोंडच पहिल्या वाक्याने बंद केले. उलट दिशेने असे होत नाही, कारण 'ब्लड मून' ही भूमीच नव्हे. दुसरे वाक्य पहिल्यावर अवलंबून आहे, पहिले दुसऱ्यावर नाही. म्हणून कोण आधी आले, कोण नंतर, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. निर्णय : डोंगर, दलदल नव्हे.

हा तर्क केवळ खेळाचा आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी अविश्वसनीय निवेदकाची कोणतीही कादंबरी आठवावी. निवेदक एक विधान करतो. कादंबरीतली दुसरी एखादी गोष्ट त्या निवेदकाची विधान करण्याची योग्यताच हिरावून घेते. मग त्याच्या आधीच्या विधानांचे काय करायचे? कोणते विधान कोणावर उभे आहे, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. आपण मात्र 'लेखकाने येथे असे म्हटले आहे' म्हणून उतारा देतो. तो उतारा कोणत्या पात्राच्या तोंडचा आहे, आणि त्या पात्राचे तोंड कादंबरीने अजून उघडे ठेवले आहे की नाही, हेही पाहत नाही.

याची शास्त्रे आपल्याच घरात आहेत. दोन नियमांचा विरोध आला तर 'पर' नियमाचे कार्य करावे, असे पाणिनीने अष्टाध्यायीत सांगितले. परंपरेने 'पर' म्हणजे ग्रंथक्रमात नंतरचा असा अर्थ घेतला. मात्र नेहमी नंतरचाच नियम लावला तर काही ठिकाणी चुकीचे रूप सिद्ध होते, हे लक्षात आल्यावर पतंजलीने 'पर' या शब्दाचा 'इष्ट' असाही अर्थ पुढे केला. अठराव्या शतकात काशीत नावाजलेले नागेश भट्ट हे मूळचे मराठी, आडनावाने काळे. त्यांनी 'परिभाषेन्दुशेखरा'त पर, नित्य, अन्तरङ्ग आणि अपवाद अशी चढत्या बळाची उतरंड विवेचिली. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना तो ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळात संपादून त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आणि २०२२ मध्ये ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिजमधील प्रबंधाने पुन्हा वाद उभा केला : 'पर' म्हणजे ग्रंथातला नंतरचा नियम नव्हे, तर शब्दातल्या उजवीकडच्या अंशाला लागणारा नियम. सर्वच वैयाकरणांना हे मान्य झालेले नाही. पण एका दोन अक्षरी शब्दाच्या अर्थावरचा वाद अडीच हजार वर्षे जिवंत राहू शकतो, याचे आपल्या विद्यार्थ्याला कधी नवल वाटू दिले आहे काय?

या परंपरेचा आणि त्या खेळाचा एक समान सद्‌गुण आहे : जेथे युक्तिवाद संपतो आणि केवळ संकेत उरतो, तेथे तो संकेत असल्याचे दोन्ही उघड सांगतात. मॅजिकमध्ये 'ह्युमिलिटी' (१९९७) आणि 'ओपलेसन्स' (१९९९) या दोन पत्त्यांची भेट कुप्रसिद्ध आहे. एक सर्व प्राण्यांच्या क्षमता काढून त्यांना एक-एक बळाचे करतो. दुसरा स्वतःखेरीज इतर बहुतेक मंत्रपत्त्यांनाच प्राणी बनवतो, आणि 'ह्युमिलिटी' हा मंत्रपत्ता आहे. म्हणजे पहिला स्वतःच प्राणी होऊन स्वतःचीच क्षमता काढून घेतो. नियमांचे सगळे थर उलगडल्यावरही एक प्रश्न उरतो : 'ह्युमिलिटी'चे स्वतःचे बळ एक की चार? तेथे नियम म्हणतो, जो नंतर आला त्याचे चालेल. हे उत्तर सत्याचा दावा करत नाही; तो ठराव आहे आणि ठराव म्हणूनच मांडलेला आहे. आपल्या समीक्षेत याच्या उलट घडते. ठराव असतो गटाचा, प्रकाशकाचा, पुरस्कार समितीचा. आणि तो मांडला जातो 'संहितेतून स्वाभाविकपणे व्यक्त होणारा अर्थ' म्हणून.

५

मग लेखकाच्या हेतूचे काय? विम्झॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये हेतूच्या आधारे अर्थ ठरवण्याला हरकत घेतली, त्यालाही आता आठ दशके झाली. आपल्याकडे हा वाद दोन टोकांवर गोठला आहे. एक टोक कवीच्या मुलाखतीतले वाक्य ब्रह्मवाक्य मानते. दुसरे टोक लेखक मेला म्हणून जाहीर करते आणि वारसदार या नात्याने घराचा ताबा घेते.

पत्त्यांच्या खेळातली व्यवस्था या दोहोंपेक्षा शहाणी आहे. पंच डाव थांबवून रचनाकाराला विचारत नाही की तुझ्या मनात काय होते. तो त्या पत्त्याचा आजचा अधिकृत पाठ पाहतो. जुन्या छापील पत्त्यावर काही वेगळे असले तरी अधिकृत पाठच ग्राह्य. रचनाकाराला आपला हेतू साधला नाही असे वाटले तर त्याने पाठ दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती सर्वांना दिसेल अशी प्रसिद्ध करावी. म्हणजे हेतूला मज्जाव नाही, पण त्याने संहितेच्या दारातून आत यावे, मागच्या खिडकीतून नव्हे. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही ज्ञानेश्वरी-अभ्यासकाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

आणि संदर्भाचे म्हणाल तर, आमच्यापासून दूर नसलेल्या माहूरशी ज्या पंथाचे जुने नाते आहे त्या महानुभावांनी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी मराठीत हाताळला. चक्रधरांची वचने केसोबासांनी 'सूत्रपाठा'त रचली. सूत्र म्हणून ती प्रसंगापासून सुटी झाली, आणि सुटे झालेले वचन कोणीही कसेही वळवील हा धोका त्या लोकांनी ओळखला. म्हणून 'प्रकरणवशा'सारखी रचना सिद्ध झाली : अमुक वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून म्हटले, याची नोंद. श्रद्धेच्या ग्रंथालाही वाटेल तो अर्थ चालत नाही, आणि तो का चालत नाही याची कारणे लिहून ठेवावी लागतात, हे भान मराठी गद्याच्या अगदी आरंभी आहे. आपण विद्यार्थ्यांना या ग्रंथांची नावे आणि शके पाठ करायला लावतो. त्यांतली वाचनपद्धती शिकवत नाही.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. कविता म्हणजे नियमपुस्तिका नव्हे. पत्त्यावरची संदिग्धता हा दोष आहे. कवितेतली संदिग्धता पुष्कळदा तिचे वैभव असते. पत्त्याच्या वाक्याला एकच निर्णय हवा, कारण डाव पुढे जायचा आहे. कवितेला तशी घाई नाही.

हे सर्व मान्य. पण यातून 'काहीही चालते' हे कसे निष्पन्न होते? 'रामने शामला त्याच्या घरी गाठले' या वाक्यात घर कोणाचे हे संदिग्ध आहे. 'रामने शामला आपल्या घरी गाठले' यात ते घर सामान्यतः रामचे. पहिले वाक्य संदिग्ध आहे असे म्हणायला दुसरे वाक्य का संदिग्ध नाही हे ठाऊक असावे लागते. संदिग्धता ही दाखवून द्यायची गोष्ट आहे. नुसती जाहीर करून ती सिद्ध होत नाही. ज्या वाचकाला एकही अर्थ नीट लावता येत नाही त्याला दोन अर्थ दिसतात, हा दावा फसवा आहे. त्याला दिसते ते धुके.

ध्वनिवाद्यांची साक्ष तर आपल्या चर्चासत्रवाल्यांच्या विरुद्धच जाते. व्यंग्यार्थाचे सर्वांत मोठे कैवारी तेच. पण लक्षणेकडे जायचे तर आधी मुख्यार्थाला बाध यावा लागतो, ही त्यांची अट. आणि आर्थी व्यंजनेची चर्चा करताना मम्मटाने बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वराचा हेलकावा, प्रस्ताव, देश, काल अशी व्यंजकांची यादीच दिली. अर्थाची दारे त्याने खुली केली आणि प्रत्येक दारावर पाटीही लावली. स्टॅन्ली फिशचे १९८० चे पुस्तक आपल्याकडे ज्या वाचकस्वातंत्र्यासाठी उद्धृत होते, त्याचाही भर वाचकाच्या लहरीवर नसून अर्थ लावणाऱ्या समूहाच्या सामायिक रीतींवर आहे. पत्त्यांच्या टेबलाभोवती बसलेली मुले हा असा समूह आहे. मराठी विभाग तसा आहे काय, हा प्रश्न आहे.

७

यात डावावर लागले आहे ते काय? केवळ कवितेचे रसग्रहण बिघडते एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात जंगलालगत राहणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलामुलींपैकी अनेकजण मराठी हा विषय घेऊन पदवीधर होतात. त्यांच्या घरच्या जमिनीचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्याशी येऊन भिडतो. त्या कायद्यात दोन वेगळी वाक्ये आहेत. एक व्याख्येतले : अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासी कोण, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या जो प्रामुख्याने वनात राहत आला आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून आहे तो, आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. दुसरे वाक्य हक्काच्या अटीचे : ती जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कब्जात असावी. पहिले वाक्य माणसाविषयी आहे, दुसरे जमिनीविषयी. पहिल्यात पंचाहत्तर वर्षे आहेत, दुसऱ्यात नाहीत. ही दोन वाक्ये घाईने एकत्र कालवली की तिसरेच वाक्य तयार होते : 'याच तुकड्यावर पंचाहत्तर वर्षांचा कब्जा दाखवा.' असे वाचून दावे फेटाळल्याच्या तक्रारी देशभर झाल्या, आणि विशिष्ट जमिनीवर पंचाहत्तर वर्षांच्या कब्जाची अट नाही, असे स्पष्टीकरण केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाला द्यावे लागले. शिवाय अनुसूचित जमातीच्या दावेदाराला ही तीन पिढ्यांची अट मुळातच नाही, कारण त्याची व्याख्या वेगळ्या कलमात आहे.

'ब्लड मून' आणि 'अर्बोर्ग' यांच्याबाबत विचारलेला प्रश्न येथेही तोच आहे : कोणते वाक्य कोणाला लागू, आणि कोणते कोणावर अवलंबून? फरक इतकाच की तेथे डाव हरतो, येथे शेत जाते. 'अर्थ वाचकाचा असतो' हे वाक्य टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या दावेदाराला म्हणून पाहावे. तेथे वाचक कोण असतो? ज्याच्या हातात शिक्का असतो तो. अर्थाला प्रमाणांची गरज नाही असे एकदा मान्य केले की अर्थ बलवंताच्या मालकीचा होतो. उदार वाटणारे ते वाक्य प्रत्यक्षात दुबळ्याच्या हातून त्याचे एकमेव हत्यार, म्हणजे 'पण साहेब, येथे असे लिहिलेले नाही' हे म्हणण्याची ताकद, काढून घेते. इंग्रजी संभाषणाचे वर्ग आणि संगणकाची प्रमाणपत्रे ही ताकद देत नाहीत. ती द्यायची ती भाषेच्या शिक्षकाने, आणि आपण ती देत नाही आहोत.

का देत नाही, याचेही कारण पाहावे. जून २०१२ पासून नेट परीक्षेच्या सर्व पत्रिका बहुपर्यायी झाल्या. म्हणजे एका उताऱ्याचा अर्थ लावून तो सप्रमाण मांडल्याचा एकही परिच्छेद त्या परीक्षेत न लिहिता माणूस मराठीचा अध्यापक होण्यास पात्र ठरतो. ग्रंथ आणि कर्ते यांच्या जोड्या जुळवून आलेला अध्यापक पुढे जोड्याच जुळवायला लावणार. त्याला वाद घालता येत नाही, म्हणून तो वर्गात वाद होऊ देत नाही. आणि वाद होऊ न देण्याला कधी सिद्धान्ताचे तर कधी शिस्तीचे नाव देतो.

उपाय अवघड नाही, फक्त कष्टाचा आहे. पदवीच्या प्रत्येक वर्षी एक प्रश्न असा असावा की, पूर्वी न वाचलेली आठ-दहा ओळींची संहिता द्यावी, तिचे दोन परस्परविरोधी अर्थ द्यावेत, आणि कोणता अर्थ का टिकतो, किंवा दोन्ही का टिकतात, हे संहितेतल्या शब्दांवर बोट ठेवून लिहायला सांगावे. गुण निष्कर्षाला नसावेत, प्रमाणाला असावेत. ती संहिता कधी कविता असावी, कधी शासन निर्णयातला परिच्छेद, कधी कायद्याचे कलम, कधी मराठीत उतरवलेला एखादा पत्ता. विद्यार्थ्यांना खेळाचे नियम मराठीत लिहायला सांगावे आणि दुसऱ्या गटाने त्या लेखनातल्या फटी शोधाव्यात. 'टाकून' या शब्दावर वर्ग अडला तर अडू द्यावा. त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजावे.

यासाठी अनुदान, चर्चासत्र वा नवे धोरण लागत नाही. लागते ते एवढेच की अध्यापकाने वर्गात मार्गदर्शक बंद करून संहिता उघडावी, आणि एखाद्या विद्यार्थ्याने 'सर, पण इथे असं लिहिलेलं नाही' म्हटले तर त्याला गप्प न बसवता विचारावे : मग काय लिहिले आहे, ते वाचून दाखव.